त्या फळाची बर्फी

अमरावती,
१२ जानेवारी २०२५

प्रिय जहाँआरा,

तुझ्या कानातले यंत्र फोन लावला की शिट्टी वाजवते आणि मग आपण दोघी दोन टोकांना "काय? काय?" करत बसतो. गेल्या खेपेला मी "मंगळवार" म्हटले, तू "मंगळसूत्र" ऐकलेस आणि माझे अभिनंदन केलेस. जन्मभर बिनलग्नाची राहिलेली बाई मी, आता या वयात! तेव्हा यापुढे पत्र. अफिफाच्या फोनवर मजकूर पाठव असे सुचवू नकोस. तुझ्या पुतण्याची, साजिदची, ही लेक मला उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवते. अंगठा हे उत्तर नव्हे.

कामाचे लिहिते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बायकांसाठी उद्योगाचा वर्ग काढला हे तुला ठाऊक आहे. मी त्यांना शिवण किंवा स्वयंपाक शिकवत नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा बरे येते. भाव ठरवावा कसा, माल सांगावा कसा, गिऱ्हाइकाकडे बघून बोलावे कसे, व्यवहाराचे पत्र लिहावे कसे, हे मी शिकवते. कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी रोजमजुरीची. पहिल्या आठवड्यात सगळ्या भिंतीला चिकटून बसतात. तिसऱ्या आठवड्यात माझ्याशी वाद घालू लागतात. तिथून पुढे मला काळजी नसते.

साजिदने रमजानात आपल्या सुकामेव्याच्या दुकानासमोर एक टेबल द्यायचे कबूल केले आहे. एकच टेबल, एकच बाई. महिनाभर तिने गिऱ्हाईक टिकवले तर तो तिचा माल वर्षभर दुकानात ठेवणार. अशी संधी माझ्या बायकांच्या दारात चालून येत नाही, म्हणून निवड नीट केली पाहिजे.

सोबत दोन डबे पाठवते. एक मैनाबाईच्या पापडांचा. बाई बोलायला फर्डी. दुसरा गोदाबाईच्या बर्फीचा. ही शेंदूरजनाघाटची. नवरा संत्र्यांच्या पेट्या ट्रकवर चढवायचा. पडला, कमरेतून अधू झाला. ती व्यापाऱ्याच्या शेडमध्ये रोजाने फळे निवडते आणि हंगाम सरला की घरी बसते. वर्गासाठी नांदगाव पेठेला मुलीकडे राहते. बर्फी तू खाऊनच पाहा. पण या बाईला विकता म्हणून येत नाही. कालचा प्रसंग ऐक.

"गोदाबाई, तुमचा माल काय?"

"बर्फी."

"कशाची?"

"त्याची."

"त्याची म्हणजे कोणाची?"

"ते नसते का बाई, फळ. आमच्या तिकडं होते ते."

"फळाला काही नाव असते."

"असते ना," म्हणाली, आणि जमिनीकडे बघत राहिली.

मी तीनदा विचारले. एकदा "पिवळं", एकदा "सालीचं", एकदा नुसताच सुस्कारा. स्वतःचा माल कशाचा आहे हे जिला सांगता येत नाही, तिला मी अकोल्याच्या बाजारात कशी उभी करू? माझे मत मैनाबाईकडे आहे. तुझे कळव.

तुझी,
रागिणी


अकोला,
१९ जानेवारी

रागिणी, सलाम आणि खूप सारे प्रेम,

तुझे पत्र वाचताना मी आपोआप ताठ बसले. कॉलेजात तू माझी वही तपासायचीस तेव्हाही अशीच बसायचे.

बर्फीचा डबा दुपारी आला आणि संध्याकाळी धुऊन पालथा घातला. साजिद म्हणाला, "चाची, एक तुकडा चाखतो." मग आणखी चार वेळा चाखला. खवा बेताचा, गोडी बेताची, आणि तोंडात गेल्यावर साल सोलल्यासारखा वास. पापडही चांगले आहेत, वाईट म्हणत नाही. पण आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर पापड वाळतो. साजिदला बर्फीच हवी आहे. ईदला लोक खजूर आणि शेवया तर नेतातच. काही नवे दिसले तर हात लांब होतो, असे तो म्हणतो. पण त्याचीही अट आहे: बाईने स्वतः बोलले पाहिजे. दुकानातल्या पोरांना आधीच काम पुरते.

आता तू रागावू नकोस. ती गोदाबाई तुला घाबरत असेल. तू चष्म्यावरून बघतेस ना, तेव्हा मीसुद्धा माझे नाव विसरायचे. वक्तृत्व स्पर्धेत तू पहिल्या रांगेत बसली होतीस म्हणून मी मधेच "आभारी आहे" म्हणून खाली उतरले, आठवते?

एक सुचवते. "संत्रा" हा शब्द तिच्या जिभेवर अडत असेल तर तिला "नारंगी" म्हणू दे. आमच्याकडे अर्धे लोक तसेच म्हणतात. गिऱ्हाइकाला कळल्याशी मतलब.

आणि जरा हसून विचार. खुदा के वास्ते, एकदा तरी.

तुझी,
जहाँआरा


अमरावती,
३ फेब्रुवारी

प्रिय जहाँआरा,

मी हसून विचारले. परिणाम वाईट झाला.

आधी मी हसले म्हणून सगळा वर्ग गप्प झाला. मग मी म्हणाले, "गोदाबाई, संत्रा म्हणू नका. नारंगी म्हणा. सोपे आहे. ना-रं-गी." त्या बाईने पदर तोंडावर ओढला आणि खांदे हलवू लागली. मला वाटले हसते आहे. मैनाबाई म्हणाली, "बाई, काहून तिले छळून राहिल्या? एक संपत नाई तं दुसरं काढलं तुमी!" बाकीच्या तोंडाला पदर लावून खिदळल्या. मी मैनाबाईला विचारले, "दुसरे म्हणजे काय?" तर ती म्हणाली, "काई नाई. तुमी शिकवा." सगळ्या वर्गाला काहीतरी ठाऊक आहे आणि मला सांगायचे नाही असे ठरलेले दिसते. चाळीस वर्षे वर्ग घेतले, हा प्रकार मला ओळखता येतो. कारण मात्र ओळखता येत नाही.

मी सांगितले, की ज्यांना बोलायचे नाही त्यांनी मागे बसून इतरांचे ऐकावे. गोदाबाई मागे गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. आज आठवडा झाला.

तेव्हा मैनाबाईचे नक्की. साजिदला सांग, की बर्फी उत्तम असली तरी बर्फी स्वतः बोलत नाही. मला वाईट वाटते. बाई कष्टाळू आहे, आणि टेबल गेले म्हणजे ती पुन्हा त्या शेडमध्ये उकिडवी बसून फळे निवडणार. पण कीव करून मी कोणाला पुढे ढकलत नाही. त्याने ती बाईही पडते आणि तिच्यामागून येणाऱ्या दहा जणींची वाटही.

तुझ्या गुडघ्याला कसे आहे? उगाच जिने चढू नकोस.

रागिणी


अकोला,
८ फेब्रुवारी

रागिणी,

तुझे पत्र वाचून मी इतकी हसले, की अफिफा पाणी घेऊन धावत आली. थांब, मैनाबाईचे नक्की करू नकोस. मला एकच गोष्ट कळव: गोदाबाईच्या नवऱ्याचे नाव काय?

का विचारते ते सांगते. माझ्या दादीच्या मियाँचे, म्हणजे आमच्या दादांचे, नाव चाँद मोहम्मद होते. दादीने जन्मात "चाँद" म्हटले नाही. रमजान संपायला आला, की सगळे छतावर, मान वर, आणि दादी खालून ओरडायची, "वो निकला क्या?" "वो कौन, दादी?" आम्ही मुद्दाम विचारायचो. "वोच, ऊपरवाली बत्ती!" चांदबिबीचा धडा मी मोठ्याने वाचत होते, तर म्हणाली, "वो बीबी का सबक छोड़, दूसरा पढ़." दादा स्वतः तिला चिडवायचे. ती एकदाही चुकली नाही.

तुझ्या आईने तुझ्या वडिलांना नावाने हाक मारली होती? मग! तू लग्न केले नाहीस म्हणून तुझ्या तोंडाला कधी असा अटकाव झाला नाही. मला झाला. माझे मियाँ गेले, त्याला किती वर्षे झाली, तरी त्यांच्या नावाचा कोणी भेटला की मी त्याला "भाईसाब" म्हणून मोकळी होते.

संत्रा आणि नारंगी, दोन्ही अडले ना? तर घरात दोन माणसे असतील. विचारून बघ. आणि वर्गात नको विचारूस, घरी जा.

तुझी,
जहाँआरा


अमरावती,
१७ फेब्रुवारी

प्रिय जहाँआरा,

नांदगाव पेठेला गेले. ऑटोवाल्याने मला कारखान्यांच्या सगळ्या फाटकांवरून फिरवले. शेवटी दामिनीची खोली सापडली. दामिनी म्हणजे गोदाबाईची मुलगी. तिथल्याच एका कापड कारखान्यात शिलाईवर आहे. दारातच खाटेवर एक गृहस्थ कमरेला पट्टा बांधून संत्री सोलत बसले होते. दवाखान्यात दाखवायला गावाहून आले होते.

"आपले नाव?" मी विचारले.

"संतराम."

"पूर्ण?"

"संतराम नारायण खोरगडे."

मी शेजारच्या पोत्यावर बसले. नवरा संतराम आणि सासरा नारायण! आपण दोघी शहाण्या बायकांनी तिला एका दारातून काढून दुसऱ्या दारात नेऊन उभे केले होते.

संतराम मोठा गमत्या माणूस. मी कशाला आले ते ओळखून म्हणाला, "पाय न मॅडम, म्या तं हिले कितीकदा म्हटलं, घे ना बाप्पा माहं नाव! ट्रकावरून पडून नाई मेलो, आता नावानं मरतो काय?"

आतून आवाज आला, "तुमी चूप बसा. शिरा नीट काढा. कडू लागते मंग."

"पायलं? मालकीण हाय ते. म्या नोकर."

गोदाबाई चहा घेऊन बाहेर आली. मी आडवळणाने बोलत नाही. म्हणाले, "गोदाबाई, नाव घेतल्याने नवऱ्याचे आयुष्य कमी होते, हे तुम्ही खरेच मानता?"

"आयुष्य-बियुष्य काई नाई, बाई. तेवढं समजते मले."

"मग कशासाठी?"

तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लगन झाल्यापासून ते नाव माह्या तोंडातून निंगालं नाई. माहं माह्यापाशी हाय. ते आता चौकात उभं राहून किलोच्या भावानं इकू?"

संतरामचा सोलणारा हात थांबला. दारात आलेल्या दामिनीने तोंड फिरवले. मी पाणी मागितले. हातात चहा असताना.

परत येऊन मैनाबाईला विचारले, की तुम्हाला सगळ्यांना माहीत होते तर मला का सांगितले नाही? ती म्हणाली, "दुसरीच्या घरातलं आपुन काहून सांगावं? अन् तुमाले तं नवराच नाई, तुमी मन्सान, हे काय खूळ." मी तसेच म्हणाले असते, हे मला तिच्यापाशी कबूल करायचे नव्हते, म्हणून विषय बदलला. टेबलाचे काढले. तिने हात झटकला. "तिलेच पाठवा. माहे पापड कोठी पळून नाई चालले. बर्फी नासते."

माझे मत अजूनही असे, की विकणाऱ्या बाईने मालाचे नाव घेतले पाहिजे. रूढी मला पटलेली नाही. पण तिच्या बोलण्यात रूढीपेक्षा वेगळे काही होते आणि ते मोडायला मला कोणी सांगितलेले नाही. तेव्हा गोदाबाई येते आहे. तुझ्या वरच्या खोलीत राहील, शेगडी तिची वेगळी. शब्द तू म्हणायचा. तिच्या शेजारी खुर्ची टाकून बस, कोणी "कशाची?" विचारले की "संत्र्याची" म्हण. बाकी सगळे ती करील. एवढे तरी नीट करशील ना?

रागिणी


अकोला,
७ मार्च

रागिणी,

मी नीट केले नाही. आधीच सांगून टाकते.

पहिल्या रोज्याला दुपारी टेबल लागले. मी खुर्चीवर, यंत्र कानात. समोर रस्त्यावर हॉर्न, बाजूला कुकरच्या शिट्या विकणारा, त्याच्याकडे भोंगा. मला ओठ हललेले दिसायचे, ऐकू काही येईना. तू सांगितले होते म्हणून जो ओठ हलवील त्याला मी "संत्र्याची!" म्हणत होते. एकीने विचारले, किती दिवस टिकेल? संत्र्याची. एक म्हातारबाबा स्टँडचा रस्ता विचारत होते. संत्र्याची! ते टोपी सावरत निघून गेले. अफिफा मागे हसून हसून खजुराच्या खोक्यावर बसली. शेवटी गोदाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपा, तुमी आत सावलीत बसा. लय ऊन हाय." इतक्या अदबीने मला कोणी कामावरून काढले नव्हते.

मग ती एकटी. बुरखेवाली एक बाई आली. "ये काहे की है?" गोदाबाईने बर्फीचा तुकडा उचलून सरळ तिच्यापुढे धरला. "तुमीच सांगा, खाऊन." ती बाई दोन पावले मागे! "अरे, रोज़ा है!" बघ आता. तू तिला सगळे शिकवलेस, रमजानात दुपारी चव देता येत नाही एवढे शिकवायचे राहिले. आणि मी इतक्या वर्षांची रोजेदार, माझ्याही ध्यानात आले नाही. आपल्या सगळ्या बेतात गिऱ्हाइकाला उपवास आहे हे कोणीच धरले नव्हते.

गोदाबाईचा चेहरा उतरला. तुकडा परत ठेवला. मला वाटले, संपले. पुढची बाई आली, तिनेही विचारले, "काहे की?" गोदाबाईने डब्याचे झाकण फक्त एवढेसे उघडले, तिच्या नाकासमोर धरले आणि लगेच बंद केले. "वास घ्या, अन् तुमीच सांगा."

"संतरा!"

"पाय, कसं वळखलं!"

बस. त्यानंतर टेबलाला श्वास घ्यायला जागा नाही. बायका मैत्रिणींना ओढून आणतात, "तू बता, तू बता." जठारपेठेतले एक रिटायर साहेब हापूस आंब्याची आहे म्हणून अडून बसले. मार्चात हापूस! शेजारच्या चहावाल्याशी त्यांचा वाद झाला, चार लोक जमले, चारही जणांनी घेतली. एक हाजीसाब नाक दाबून टेबलासमोरून जातात आणि म्हणतात, "बहन, रोज़े में मत सताओ," आणि मगरिबला रोजा सुटायच्या आधी पोराला पाठवून डबा मागवतात. ती स्वतः कधीच सांगत नाही. लोकांना वाटते ही विकण्याची तऱ्हा आहे. जो स्वतःच्या तोंडाने नाव घेतो तो न घेता कसा जाईल?

आता मोठी खबर. साजिद खुश आहे. काल म्हणाला, ईदनंतरही यांना जाऊ द्यायचे नाही. महिन्याचा पगार, बर्फी आमच्या कारखान्यात बनवायची, खोक्यावर दुकानाचे नाव, माल खपो न खपो त्यांना काळजी नाही. रागिणी, विचार कर! शेडमध्ये रोजावर बसणारी बाई, तिला बांधील पगार! मी तिच्या वतीने हो म्हणून टाकले. ती काही बोलली नाही. लाजली असावी.

तुझा वर्ग सफल झाला. मिठाई वाट. संत्र्याचीच.

तुझी खुश,
जहाँआरा


अमरावती,
१० मार्च

जहाँआरा,

तू हो म्हणणारी कोण?

लाजली नाही ती. गोदाबाई लाजते तेव्हा पदर ओढते. गप्प बसते तेव्हा तिला पटलेले नसते. हे शिकायला मला दोन महिने आणि नांदगाव पेठेची एक चक्कर लागली, म्हणून तुला फुकट सांगते.

साजिद भला माणूस आहे यात शंका नाही. पण मी नोकर तयार करायला वर्ग काढलेला नाही. नोकरीत कमीपणा आहे असे नव्हे. मी स्वतः नोकरीच केली. पण बर्फी तिची, वास ओळखायला लावण्याची युक्ती तिची, आणि खोक्यावर नाव दुकानाचे? उद्या साजिदला दुसरी स्वस्तात बनवणारी मिळाली तर गोदाबाईपाशी काय उरते? परतीचे तिकीट. मी रात्रीत एक कडक पत्र साजिदला लिहून काढले. "सदर प्रस्ताव आम्हांस मान्य नाही," असे.

सकाळी पुन्हा वाचले आणि त्यातला "आम्हांस" मला खटकला. तू तिच्या वतीने हो म्हणालीस, मी तिच्या वतीने नाही म्हणत होते. फरक काय राहिला? तिच्या घरी अधू नवरा आहे. बांधील पगार ही माझ्यासाठी तत्त्वाची गोष्ट आहे, तिच्यासाठी औषधाची. ते पत्र फाडले.

तेव्हा असे कर. साजिदला सांग, की तुझे हो रद्द. गोदाबाईला माझा हा कागद वाचायला दे. तिला वाचता येते, सावकाश. तिला सांग, की बाईंनी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, उत्तर लिहिलेले नाही. तिने पगार घेतला तरी मी एक शब्द बोलणार नाही. मनात बोलेन, ते माझे मी बघीन.

आणि तू मधे पडू नकोस. तुझे यंत्र काढून ठेव हवे तर.

रागिणी


अकोला
दिनांक १६ मार्च

प्रति,
आदरणीय रागिणीबाई, अमरावती

विषय : साजिदभाऊच्या कामाबद्दल कळवण्याबाबत

महोदया,

तुमी वर्गात सांगतल्यापरमाने पत्र लिवून राहिली. पहिले विषय, मंग मजकूर. हातानं लिवते, अफिफा मनत होती म्या लिवून देते, पण म्या म्हटलं, नाई.

तुमचा कागद आपांनी मले देल्ला. आपा लय घाबरल्या होत्या. मले म्हणे, रागिणी माह्यावर रागावली, आता तूच सांग. म्या म्हटलं तुमी चहा करा, म्या वाचते.

कागद दोनदा वाचला. मंग दुकानात गेली. साजिदभाऊ म्हणे, "मौसी, तनखा कम लगती है क्या?" म्या म्हटलं, तनखा चांगली हाय. तुमी मानूस बी चांगले हाय. पण म्या पगार घेतला त बर्फी तुमची होते. मले बर्फीच येते, दुसरं काई येत नाई. थेच देऊन टाकली त माह्यापाशी काय राहिलं?

मंग म्या माहं सांगतलं. ईद होतवर टेबल माहं, जसं हाय तसं. ईदच्या बाद म्या गावी जाईन. बर्फी घरी करीन, फळ दाराशीच हाय, इकडं पेट्या आणाचा खर्च नाई. मोटारीनं डबे पाठवीन. दुकानात तुमी ठेवा, तुमचा हिस्सा तुमी घ्या, पण खोक्यावर "गोदाबाईची बर्फी" पायजे. दुसऱ्या दुकानात द्यायची का नाई ते म्या ठरवीन. हंगाम नसला की बर्फी भेटनार नाई, ते बी आताच सांगून ठेवते.

साजिदभाऊनं लय येळ हिशोब केला. बोटं मोजली. मंग म्हणे, "मौसी, ऐसी बड़ी बात का जवाब जल्दी में मत दो. घर पे पूछ के बताओ."

बाई, आमच्याकडं कोनी काई इचारलं की आमी हेच मनतो. घरी इचारून सांगतो. मोठ्या कामाले बी अन् भाजीच्या जुडीले बी. म्या तसंच मनणार होती, तोंडावर आलं होतं.

पण म्या तिथंच उभी राहिली. टेबलापाशी एक बाई डब्बा मांगून राहिली होती, तिले देल्ला. मंग साजिदभाऊले म्हटलं, "इचारलं."

"किसको?"

म्या म्हटलं, "मले."

साजिदभाऊ हसले. आपांना बी ऐकू गेलं, यंत्र नव्हतं त बी. साजिदभाऊ म्हणे ठीक है, छपवतो खोके. पहिल्या खेपेले थोडेच छपवू, मंग पाहू. म्या म्हटलं, पाहू.

घरी फोन केला होता संध्याकाळी. कळवाले केला, इचाराले नाई. घरचे खुश हाय. कंबर अधू हाय, बसून सोलाचं काम तेच करतीन, त्यायले रोज बी देईन म्हटलं, त म्हणे पगारवाढ पायजे.

एक काम हाय. ईदच्या आठवड्यात म्या एकटीनं होनार नाई. मैनाबाईले पाठवा. तिले सांगा फुकट नाई बोलावून राहिली, रोजानं बोलावून राहिली, अन् रोज तिनंच सांगाचा. तिले भाव सांगता येते, म्या पायलं हाय वर्गात.

आपांची तबेत बरी हाय. मले उर्दूत दोन शब्द शिकवले, म्या त्यायले दोन शब्द आपले शिकवले. ते लिवत नाई.

पत्रात चुका लय असतीन. तुमी लाल शाईनं सुधरवा अन् परत पाठवा, म्या पाहीन. पण जे ठरवलं ते सुधरवू नका.

कळावे.

आपली,
गोदाबाई खोरगडे
बर्फीवाली